गाडीचा शेवटचा भाव

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७

जुनी गाडी बदलायची, असं आज ठरलं. ठरवलं हिनं. पण विकत मी घेणार असल्यामुळे निर्णय माझाच धरायला हरकत नाही.

कारण नोंदवून ठेवतो. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना फिजिओथेरपीच्या दवाखान्यात न्यावं लागतं. आपली गाडी बसकी. बसताना ते कसेबसे बसतात, पण उतरताना आज वीस मिनिटं अडकले. शेवटी दवाखान्याचा वॉचमन आणि ही, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून बाहेर काढलं. मी दार धरून उभा होतो.  बाहेर आल्यावर बाबा नुसता चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

घरी आल्यावर ही म्हणाली, "बाबांना आपलं आपण चढता-उतरता येईल अशी गाडी घ्या. रंग कुठलाही चालेल."

उंच सीटची एक गाडी डोळ्यासमोर आहे. छापील किंमत आठ लाख चाळीस हजार. छापील किंमत काय, कोणीही देईल. मी सव्वीस वर्षं पंपाच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. एका वॉशरमागे सात पैसे कमी करून घ्यायला मी पुरवठादाराला अकरा महिने खेळवलं होतं. ऑफिसात माझ्या मागे मला 'अजून अर्धा टक्का' म्हणतात. आदरानं.

संकल्प: रविवारी गाडी नक्की करायची. पन्नास हजार कमी करून.

५ मार्च, गुरुवार

फाइल तयार केली. वर 'वाहन' असं लिहिलं. आत नियम लिहिले.

नियम एक: आपली गरज दाखवायची नाही. गरज दिसली की समोरचा ताठ होतो. बाबांचं नावसुद्धा शोरूममध्ये निघता कामा नये.

नियम दोन: आधी आकडा आपण बोलायचा नाही.

नियम तीन: उठून जायची तयारी ठेवायची.

हिला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, बाबांचं नाव काढायचं नाही तर त्यांना त्या गाडीत बसवून बघणार कसं? हिला मोठ्या खरेदीचा अनुभव नाही.

८ मार्च, रविवार

मुद्दाम कॉलर विरलेला शर्ट घातला. पैसेवाला दिसता कामा नये. तंत्र इतकं यशस्वी झालं की शोरूमच्या दारावरच्या माणसानं मला मागच्या बाजूला, गाड्या धुतात तिकडे पाठवलं. तिथे दहा मिनिटं गेली. एकानं माझ्या हातात बादलीही दिली.

आत एक चष्मेवाली मुलगी. वय पंचविसाच्या आसपास. नवखी दिसते. सावज, असं मनात आलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तिनं गाडी कोणासाठी हवी आहे, घरात कोण कोण आहे, असं विचारलं. मी म्हणालो, असंच बघतोय.

तिनं बसल्या बसल्या पंधरा हजार कमी केले. म्हणजे आठ पंचवीस. मी लगेच ओळखलं, इतक्या सहज सोडतेय म्हणजे अजून बरंच आहे आत. मग शांततेचं तंत्र वापरलं. काहीही न बोलता तिच्याकडे बघत बसायचं. समोरचा गडबडतो आणि आकडा खाली आणतो. चार मिनिटं बसलो. तिनं तेवढ्यात दोन ईमेल पाठवले. मग विचारलं, कॉफीत साखर किती?

पहिली माघार तिनं घेतली, हे महत्त्वाचं.

मग नियम तीन. उठलो. थांबवतील म्हणून दाराकडे हळूहळू गेलो. कोणी हाक मारेना, म्हणून बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. बूट बिननाडीचे होते हे वाकल्यावर लक्षात आलं. तरीही थोडा वेळ तसाच वाकून राहिलो.

बाहेर आल्यावर आठवलं, उन्हाची छत्री आत राहिली. परत जावं लागलं. चष्मेवालीनं छत्री काढूनच ठेवली होती. एकंदरीत दिवस माझा.

१० मार्च, मंगळवार

चष्मेवालीचा फोन नाही. घाबरली असणार.

ही बाबांना टॅक्सीनं घेऊन गेली. जुन्या गाडीत बसायला ते नको म्हणाले.

११ मार्च, बुधवार

स्पर्धा निर्माण करायची वेळ आली. अर्धा दिवस रजा टाकून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शोरूममध्ये गेलो. तिथे जाऊन सांगायचं, पहिल्या शोरूमवाले तीस हजार सोडायला तयार आहेत. मग यांची पळापळ बघत बसायचं.

आत गेलो. टेबलामागे चष्मेवाली.

दोन्ही शोरूम एकाच मालकाची. बुधवारी ती इकडे असते. पण मी ठरवलेलं वाक्य मध्ये सोडणाऱ्यांतला नाही. म्हणालो, तिकडे तीस हजार कमी करतायत.

ती म्हणाली, "तिकडे म्हणजे मीच ना, सर?"

तरी कॉफी आली. साखर न विचारता बरोबर घातली होती. कुठेतरी तिच्या मनात माझा धाक बसलाय.

१७ मार्च, मंगळवार

आठवडाभर मुद्दाम काहीही केलं नाही. फळ पिकू द्यावं लागतं.

बाबा आज चौकापर्यंत चालत गेले आणि तिथून टॅक्सी केली, असं ही सांगत होती. दारात बोलावलं की टॅक्सीवाला जास्त मागतो, ते बाबांनी मान्य केलं नसणार. रक्त बोलतं. माझ्या लढ्यात घरचेही आपापल्या परीनं उतरले आहेत, हे बघून बरं वाटलं.

२२ मार्च, रविवार

चष्मेवालीकडे पुन्हा. आज तिनं कागद-पेन बाजूला ठेवून सरळ विचारलं, सर, तुमच्या मनात आकडा काय आहे, तो एकदा सांगून टाका. मी जमतंय का बघते.

नियम दोन. गप्प बसलो. ती मध्येच काहीतरी एक तारखेबद्दल बोलत होती. माझं लक्ष नव्हतं, कारण गप्प बसताना समोरच्याच्या कपाळावर नजर ठेवायची असते.

गप्प बसल्यावर नको ते आठवतं, हा या तंत्राचा तोटा. आज जानेवारी आठवला. हॉस्पिटलच्या काउंटरवर मला एक कागद दिला होता. परदेशी सांधा हवा की इकडचा, असं त्या माणसानं विचारलं आणि दोन आकडे सांगितले. मी पहिल्यावर बोट ठेवलं आणि सही केली. शेवटचा भाव किती, असं विचारायचं सुचलंसुद्धा नाही. पहिली सही चुकली, म्हणून दोनदा करावी लागली. सव्वीस वर्षांत तेवढी एकच खरेदी मी घासाघीस न करता केली. ती कसर कुठेतरी भरून काढायला हवीच ना.

चष्मेवाली म्हणाली, सर, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?

पाणी घेतलं. आकडा दिला नाही.

२४ मार्च, मंगळवार

बाबा अर्ध्या वाटेपर्यंत चालत गेले म्हणे. ही कौतुकानं सांगत होती. मी म्हणालो, थोडे दिवस कळ काढा, गाडी आलीच. ही माझ्याकडे बघत राहिली. तिनंही शांततेचं तंत्र उचललेलं दिसतं.

२९ मार्च, रविवार

निर्णायक डाव ठरला. महिनाअखेर. प्रत्येक विक्रेत्याला महिन्याचं टार्गेट असतं. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला एक गाडी कमी पडत असते आणि तेव्हा दारातून जो माणूस आत येतो तो देव. तो माणूस मी असणार. ३१ तारीख, संध्याकाळी साडेपाच.

३१ मार्च, मंगळवार

अर्धा दिवस रजा. तीन वाजल्यापासून शोरूमसमोरच्या बसस्टॉपवर बसलो. आत-बाहेर करणारी गिऱ्हाइकं मोजली. सात बस थांबल्या. एका कंडक्टरनं दोनदा विचारलं, नक्की जायचंय कुठे?

बरोबर साडेपाचला आत शिरलो. सगळे केक खात होते. चष्मेवालीचं टार्गेट सकाळी अकरालाच पुरं झालं होतं. मलाही केक दिला. माझ्या मनातली गाडीही दुपारी गेली, म्हणजे एका जोडप्यानं घेतली. किती वेळ लागला त्यांना, विचारलं. पाऊण तास.

आणि उद्यापासून कंपनीनं किंमत बावीस हजारांनी वाढवली आहे. हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. दोन्ही वेळा मी गप्प बसण्यात गुंतलो होतो.

केक बरा होता.

५ एप्रिल, रविवार. दुपारी २

विजय. आज तडजोड नाही, कच खाणं नाही, तीन तास लढलो. आठ लाख बासष्ट हजारांच्या गाडीवर तब्बल अठरा हजार सोडायला लावले. चष्मेवाली पहिल्यांदा पंधरावर अडून बसली होती. शेवटी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आली आणि म्हणाली, फक्त तुमच्यासाठी. थकलेली दिसत होती. या मुलीला माझ्यामुळे बरंच शिकायला मिळालं.

घरी येऊन हिला आकडा सांगितला. आठ चव्वेचाळीस. ही म्हणाली, म्हणजे ती पहिल्याच दिवशी द्यायला तयार होती त्यापेक्षा एकोणीस हजार जास्त?

तुलना अशी करायची नसते. पण ते समजावून सांगायला खरेदी विभागात काही वर्षं काढावी लागतात.

११ एप्रिल, शनिवार

जुनी गाडी घ्यायला माणूस आला. गाडी रिकामी करायची होती. मी वर कागदपत्रं शोधत होतो. खिडकीतून पाहिलं तर बाबा काठी टेकवत खाली गेलेले. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत बसले, समोरच्या कप्प्यातून आपला जुना चष्मा आणि रुमाल काढला आणि बाहेर आले. आपले आपण. फार तर अर्धं मिनिट लागलं असेल.

हे हिला सांगितलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार

गाडी मिळाली. ही आली होती, बाबाही आले होते. बाबा शोरूममध्ये प्रथमच. चष्मेवालीनं त्यांना खुर्ची दिली, मग हात धरून गाडीपाशी नेलं. बाबा आपले आपण चढले. उतरले. पुन्हा चढले आणि समोरच्या काचेतून बघत बसून राहिले. चांगले दिसत होते.

चष्मेवालीनं काठीबद्दल विचारलं, तेव्हा हिनं सगळं सांगितलं. ऑपरेशन, दवाखाना, मंगळवार-शुक्रवार, ही गाडी कशासाठी घेतली ते. नियम एक माझ्या डोळ्यांदेखत मोडला. पण बिल झालेलं होतं, म्हणून मी अडवलं नाही.

चष्मेवाली माझ्याकडे वळली. "सर, हे आधी का नाही सांगितलंत? घरात असा पेशंट असेल तर कंपनी चाळीस हजार सूट देते. डॉक्टरांची नुसती चिठ्ठी लागते. म्हणून तर मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, गाडी कोणासाठी."

आता काही करता येईल का, विचारलं. बिल झाल्यावर नाही. तिला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. ही मान फिरवून गाडीचे टायर बघायला लागली.

मी म्हणालो, प्रश्न पैशाचा नव्हताच.

बाबा गाडीतच होते. काच खाली होती, त्यांना सगळं ऐकू गेलं. मी शेजारी जाऊन बसलो, तेव्हा समोर बघतच म्हणाले, "माझं नाव सांगायला लाज वाटली का रे?"

मी त्यांना नियम एक समजावून सांगायला लागलो. गरज दिसली की समोरचा ताठ होतो, वगैरे. दोन वाक्यं झाली. मग सीटचा पट्टा लावायला घेतला.

बाबा म्हणाले, असू दे. सीट उंच आहे, छान आहे.

मोठी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन आमचा फोटो काढला. फोटोत मी हसतोय.

२१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११

रजा टाकली. बाबांना दवाखान्यात मी स्वतः गाडीनं नेणार होतो. नऊ वाजता गाडी पुसून, दार उघडून उभा राहिलो.

बाबा बूट घालून, काठी घेऊन बाहेर आले. ही बरोबर. बाबांनी गाडीवरून हात फिरवला. म्हणाले, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. गेले दोन आठवडे आम्ही चालतच जातो. आणि आज तर शेवटचाच दिवस. उद्यापासून दवाखान्यात जाणं बंद.

मी दार लावलं. गाडी कुलूप घालून तिथेच ठेवली आणि त्यांच्याबरोबर निघालो.

दीड किलोमीटर आहे. मध्ये चढ लागतो, हे गाडीत कधी कळलं नव्हतं. बाबा आणि ही बोलत पुढे चालले होते. बाबा दोनदा थांबले.

माझ्यासाठी.