टोनमागची खरखर

आप्पा, सकाळपासून घरातलं इंटरनेट बंद आहे. राउटरवर लाल दिवा लागलाय, कंपनीचा माणूस दुपारनंतर येतो म्हणाला, आणि मला अचानक रिकामा वेळ मिळालाय. म्हणून लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भेस्तानच्या यंत्रमाग-वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांतली एक दुपार मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

तेव्हा मी रिंग रोडवरच्या एका साडीच्या पेढीत कॉम्प्युटरवर बसायचे. मला घरी यायला उशीर होतो म्हणून धुळ्याहून काका आले, पोरीची नोकरी सोडवा म्हणाले. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि दुसऱ्या दिवशी लूमवरची पाळी संपवून थेट पेढीच्या शेठकडे गेलात. पोरगी घरून काम करेल, मशीन द्या, म्हणालात. शेठनी जुना कॉम्प्युटर आणि मोडेम दिला, महिनाभरासाठी. जमलं तर ठेवा, नाही तर परत आणा आणि पोरीला घरी बसवा, म्हणाले.

त्याच महिन्यातली ती दुपार. दुबईच्या व्यापाऱ्याला नव्या डिझाइनांची यादी पाच वाजायच्या आत ईमेलने जायला हवी, आणि मोडेम किंचाळतोय, क्षणभर जोडला जातोय आणि तुटतोय. मी सेटिंग बदलतेय, सगळं पुसून पुन्हा टाकतेय. फोनवर बोलता येत होतं, त्यामुळे लाइनकडे माझं लक्षच गेलं नाही. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. तुम्ही पाळीवरून आलात, केसांत सुताचा भुसा, आणि विचारलंत, "काय व्हयनं, बेटा?" मी तुमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "आप्पा, यातलं तुम्हाला काय कळतं?" लूमच्या खडखडाटानं तुमचे कान गेले होते, ऐकू जाणार नाही असं वाटलं. पण त्या शेडमध्ये सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे. तुम्हाला कळलं, ते मला तेव्हाच दिसलं.

तुम्ही रागावला नाहीत. हात धुऊन आलात, रिसीव्हर उचलून माझ्या हातात दिलात. "माले आयकू येत नही. तू आयक. काही खरखर व्हई अन् ती थांबनी, का हात वर कर."

मी कानाला लावला. टोनमागे खरंच बारीक खरखर होती, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. इतके दिवस फोनवर बोलताना मी ती ऐकूनही न ऐकल्यासारखी केली होती. तुम्ही खिडकीपासून सुरुवात करता. वायर चिमटीत धरून एकेक वीत पुढे सरकता, थांबता, माझ्याकडे बघता. "आते?" मी मान हलवते. टोन मध्येच बदलतो, मी रिसीव्हर ठेवून पुन्हा उचलते. देव्हाऱ्याच्या मागून, मांडणीच्या वरून तुम्ही स्वयंपाकघरात जाता. शेगडीच्या वर एक जोड आहे, काळ्या टेपवर तेलाचा थर. तुम्ही तो दाबता आणि खरखर थांबते. माझा हात आपोआप वर जातो.

टेप काढली तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. तुम्ही ती ब्लेडनं खरवडलीत, पीळ दिलात, नवी टेप गुंडाळलीत. पाचच्या आधी यादी गेली.

लगेच शेठचा फोन आला, काय झालं होतं म्हणून. तुम्ही समोरच स्टुलावर बसला होता. मी गुजरातीत म्हणाले, "सेटिंगमां प्रॉब्लेम हतो, में ठीक करी दीधो." तुम्ही माझ्या तोंडाकडेच बघत होता. मग उठून टेपचं रीळ जागेवर ठेवायला गेलात.

कॉम्प्युटर घरीच राहिला. पुढची माझी सगळी कामं त्यातूनच आली. शेठनी खूश होऊन घारी मिठाईचा डबा पाठवला, तो घेऊन तुम्ही आळीत घरोघरी गेलात आणि मला सोबत नेलंत. प्रत्येक दारात तुम्ही सांगत होता, "मनी पोरनी मशीन नीट करं." कुठेही तुमचा आवाज बदलला नाही.

त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होता. त्यातल्या कुठल्याही दिवशी मला बोलता आलं असतं. आता हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर निदान नीट लिहिते. त्या दारांतून तुमच्यामागे फिरताना मला फार लाज वाटली, असं मी स्वतःला सांगत आले. लाज पुष्कळ नंतर आली, आप्पा. त्या दिवशी मला छान वाटत होतं.