बाकड्याची जागा

ता. १८, शनिवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर, काळजी नको. दादाला आणि छोटीला आठवण सांगा.

नेमकं बिघडलं कधी, असं तुम्ही विचारलंत. ती वर्गासमोर उभी राहून "हे बाकडं काढून टाकावं" म्हणाली ना, तेव्हा.

ती म्हणजे कॉलेजच्या प्रकल्पातली माझी जोडीदार. प्रकल्प काकांच्या औषधांच्या दुकानावर होता. दारातल्या बाकड्यावर बसणारे निम्मे लोक काहीच विकत घेत नाहीत, तिथे क्रीम-शाम्पूचं कपाट ठेवलं तर नफा वाढेल, असं तिचं म्हणणं. मी उठून ओरडलो, "अहो सर, वरच्या दवाखान्याचे जिने उतरून आलेली माणसं दम खातात तिथे!"

सर म्हणाले, "मग दवाखान्याने ठेवावं बाकडं."

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही, माझं वाक्य उतरवून घेत होती. माझं डोकंच सटकलं. पिशवी उचलली आणि परत कॉलेजात गेलोच नाही.

आता मी काकांच्याच दुकानात. आणि काकांनी बाकडं खरंच काढलं, तिथे कपाट ठेवलं! विक्री वाढली, हा आणखी ताप. काल एका पोटुशा बाईला मी आतलं स्टूल दिलं, तर काका म्हणतात, "सवय लावू नकोस. तुझा पगार त्या कपाटातूनच निघतो." बोला आता!

ती दर शनिवारी कपाट बघायला येते. मी शनिवारीच इस्त्रीचा शर्ट घालतो, हा योगायोग.

मागच्या वेळी म्हणाली, "भांडतोस झकास, सुचवत मात्र काही नाहीस. परत ये ना. समाजाची बाजू तू मांड. तुझा राग अहवालात शोभून दिसेल."

शोभून! मी काय पडदा आहे? आणि तरी आठवडाभर मनात हो हो म्हणत होतो. रोज तिच्या शेजारी बसायला मिळालं असतं. हे लिहायचं नव्हतं, गेलं लिहून.

तुम्हीही म्हणता, "भाऊजी, राग गिळा, पदवी घ्या." पण आता गेलो तर तिच्या अहवालातला नमुना म्हणून जाईन. दादाला तुम्हीच समजवा, मी बोललो की भांडण होतं.

ती आलीय. बाहेर काकांना विक्रीचे आकडे विचारतेय, मी मागच्या खोलीत खोक्यावर कागद ठेवून लिहितोय. कॉलेजला मी नाही म्हणणार. मग दुसरी गोष्ट विचारणार, आणि ती नाही म्हणाली तर निमूट ऐकून घेणार. मी, निमूट! हसू नका.

काका हाका मारतायत. दार ओढून घेतो, निघालो.

तुमचा, आणि बहुतेक फक्त तुमचाच,
धाकटा दीर