ब्रेकवरचा पाय

४ नोव्हें., मंगळ.
सौ.चं डायलिसिस. पिरंगुटला जाऊन आलो. गाडी अजून परकीच वाटते. लेकीने, रूपालीने, स्वतःला नवी घेतली आणि ही ऑटोमॅटिक आम्हाला दिली. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला क्लच दाबवत नाही म्हणून. उभी हयात हिंजवडीच्या कंपनीची बस हाकली, गुडघा तिथल्या ट्रॅफिकला वाहिला.
पौडच्या चौकात सवयीने डावा पाय क्लच शोधायला गेला. सापडला ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली, सौ. पुढे आदळता आदळता वाचली. म्हणाली, "तुमचा पाय अजून बसमदीच हाय."
रूपालीचा फोन. तेच पालुपद. "बाबा, झेपत नसेल तर दोघं मारुंजीला माझ्याकडे या." लेकीची माया आहे, कळतं. पण नवव्या मजल्यावर सौ. मागे चार दिवस राहिली तर जेवण उतरेना. डायलिसिसला वडापच्या, माणसं कोंबलेल्या जीपने जावं तर परतीला तिला भोवळ येते. म्हणजे गाडी आहे तोवर मुळशीचं घर आहे.

६ नोव्हें., गुरु.
भात कापून झालं, झोडणी राहिली. डावा पाय आता सीटखाली दुमडून बसतो, मग चुकत नाही. गिअर आपोआप पडतात, कळतही नाही. थोडा अपमान वाटतो. बसचा गिअर मला विचारल्याशिवाय पडायचा नाही.

८ नोव्हें., शनि.
वाईट दिवस.
पिरंगुटला जाताना, पौडच्या अलीकडे, धनगरांची मेंढरं रस्ता ओलांडत होती. कोकणात उतरायला निघालेली. थांबलो. लेव्हर D वर, म्हणजे गाडी गिअरमध्येच, पाय ब्रेकवर. सौ. म्हणाली, "अहो, गाडी चाललीय." म्हटलं, ब्रेकवर पाय आहे माझा. तेवढ्यात धक्का. एक मेंढी बंपरखाली.
खाली बघितलं. पाय ब्रेकवरच होता. नुसता ठेवलेला. दाबलेला नव्हता.
धनगराने मेंढीचा पाय चाचपला. "मोडला न्हाई. मुका मार हाय." मग माझ्याकडे वळला. "थांबला व्हता की तुमी. परत का सोडली?"
म्हटलं, गाडीत बिघाड हाय.
"मग चालवता कशाला?"
मेंढी खांद्यावर टाकून गेला.

९ नोव्हें., रवि.
रूपाली आली. गाड्यांच्या डिझाइनमध्येच काम करते, म्हणून तिलाच दाखवली. फिरवून आणली. बिघाड काही नाही म्हणे.
"बाबा, दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो की नाही? इथे वाऱ्याऐवजी तेल. एक पंखा इंजिनाचा, दुसरा चाकांकडचा. इंजिन चालू आहे तोवर तेल ढकलत राहणार. D मध्ये ब्रेक सुटला की ती सरकणारच."
मग गिअरचं. मधे एक दातेरी चाक, भोवती छोटी चाकं, बाहेरून कडं. सुटं कधी काही होत नाही, सगळी एकमेकांत अडकलेलीच. कुणाला धरून ठेवायचं आणि कुणाला फिरू द्यायचं, एवढंच बदलायचं की गिअर बदलला. ते धरणं-सोडणंही तेलाच्या दाबावर. मला आवडलं. कुणी केलं असेल, डोकं आहे.
पण बसमध्ये क्लचचा पाय चुकला की इंजिन आचका देऊन बंद पडायचं. मागची पोरं हसायची. लाज वाटायची, पण गाडी थांबायची. ही माझी चूक पोटात घालून पुढे जाते.
रूपाली म्हणाली, "गाडी ठीक आहे," आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, मेंढरांच्या वेळी ऊन डोळ्यांवर आलं होतं.

१० नोव्हें., सोम.
सौ. शेजारी गेली तेव्हा अंगणात गाडीत बसलो. इंजिन बंद. डोळे मिटून ब्रेक दाबला. डोळे उघडले तर पाय रेसवर. परत केलं. या वेळी पाय खाली मॅटवर, आणि मी आपला जोर लावतोय.
शुगर. दुसरं काय. पायाची जाणीवच गेलीय. परवा एक चप्पल खाचरातच राहिली, घरी आल्यावर सौ.ने दाखवलं तेव्हा कळलं. दोघं हसलो होतो. डाव्याचंही तसंच असणार. त्याला काम नाही म्हणून बोभाटा झाला नाही.
भीती वाटली. घाटात बस घेताना कधी वाटली नव्हती तशी.
संध्याकाळी सौ.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "डाक्टरला दावू. पन उद्याचं काय?"
रूपालीला बोलावू म्हटलं.
"ती उद्याच बोचकं बांधंल आपलं." ताट खाली ठेवून म्हणाली, "तुमी रस्त्याकडं बघा. मी पायाकडं बघते."
नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

११ नोव्हें., मंगळ. गाडीतच लिहितोय.
जाताना निभावलं. ही सगळा रस्ता मान खाली घालून. "दाबलाय. दाबलाय. सुटला." पिरंगुटच्या चौकात सुटला म्हणाली तेव्हा पुढून शाळेच्या पोरी चालल्या होत्या. सगळा जोर लावला, गाडी थांबली.
डायलिसिसनंतर हिला झोप लागते. दर वेळी लागते. सकाळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पौडच्या पुढे तिचा आवाज थांबला, बघितलं तर मान कलंडलेली. गाडी कशीबशी कडेला घेतली. लेव्हर P वर, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद.
रूपालीचा नंबर काढलाय. ती आली की मुळशीला नेणार नाही, मारुंजीलाच नेणार. आणि तिचं चुकतंय असं आता म्हणता येणार नाही. घरी भात झोडायचं पडलंय. सौ.ची कोंबडी अंड्यांवर बसलीय.
आत्ता सौ. जरा हलली. डोळे मिटलेलेच. "दाबलाय," म्हणाली, आणि परत झोपली.
पाय ब्रेकवर नव्हताच. फोन हातात आहे.