भैरूचा कान

उज्जैन, जानेवारी १९५७

अहो,

नमस्कार. नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली आणि तुमची बदलीही तिकडेच झाली. क्वार्टर मिळेपर्यंत मी इथेच राहायचं, असं तुम्ही लिहिता. बरं.

तुम्ही गेल्यापासून भैरूचा कान वाहत होता. मी कापूस लावायला गेले तर मलाच चावला. जनावरांच्या डॉक्टरांनीही हात टेकले. मागच्या रविवारी मात्र हा कुत्रा दिवसभर गायब होता आणि परतला तो कान स्वच्छ करून! आत कापूस, आणि वास तुम्ही घरी कढवता त्याच कडुलिंबाच्या तेलाचा.

या रविवारी मुद्दाम त्याला मोकळं सोडलं आणि मागोमाग गेले. टावर चौकामागच्या एका दारावर त्यानं पंजा मारला. एका बाईनं दार उघडलं. म्हणाली, "आ गया, भैरू?" उंबऱ्याशी तुमच्या चपला होत्या, मीच अंगठा शिवून आणलेल्या.

भोपाळला टाकलं तर हे पत्र घेणार कोण? पेटीतच ठेवते. भैरूला आता साखळीनं बांधलंय. कान पुन्हा वाहील. वाहू दे. तुमच्याशिवाय तो कुणाला हात लावू देत नाही, तेव्हा औषध घालायला तरी घरी यावंच लागेल.

अजून तरी तुमची,
प्रमिला