जिभेखालचा डोळा

३ सप्टेंबर १९८४
मुलुंडला पोचले एकदाची. टेकडीच्या पायथ्याशी विद्याधर कर्णिकांचा बंगला, मागे काचघर आणि काचघरात चक्क द्राक्षाच्या वेली. मुंबईत कसली द्राक्षं, म्हणून कांदिवलीला आमच्या घरी सगळे हसले होते. धाकटी जयंती म्हणाली, ताई, पहिला घड माझा. ही नोकरी नलिनीच्या पत्रामुळे मिळाली. दापोलीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, तेव्हा तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पत्रात मात्र सुरेख, तिरकं, आणि एकाही शब्दावर शिरोरेषा नाही. झकास काम आहे, राहायची सोय आहे, लगेच ये, एवढाच मजकूर. मी आले तर बाईसाहेब गायब. आजारी पडून घरी गेली, असं कर्णिकसर सांगतात. भेटू दे, चांगली झापते तिला.

७ सप्टेंबर
काम समजलं. द्राक्षाच्या वेलीला विषाणूचा रोग जडला की त्यावर औषध नाही, उपटून जाळायची. मेख अशी, की पांढऱ्या द्राक्षाच्या वेलीत रोग असला तरी दिसत नाही. ती हिरवीगार राहते, तिच्या काड्या नाशिक-तासगावला लागतात आणि मग तिथे घड पिकत नाहीत, गोडी भरत नाही. म्हणून तिचा डोळा, म्हणजे कळीसकट सालीचा छोटा तुकडा, काळ्या द्राक्षाच्या कोवळ्या वेलीवर बांधायचा. आत रोग असेल तर काळ्या वेलीची पानं लाल होतात, कडा खाली वळतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दुसऱ्याचं दुखणं हिच्या अंगावर उमटतं, बिचारी.

मधली मोठी पांढरी वेल सरांच्या पत्नीनं, पद्मजाबाईंनी लावलेली. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. कापलेला डोळा सुकू नये म्हणून बांधेपर्यंत जिभेखाली धरायचा, ही त्यांची पद्धत, आणि सर म्हणाले, इथे तीच चालेल. चव तुरट, जरा राखेसारखी. माळीकाम करणारे सहदेवकाका मालवणकडचे. ते आपले डोळे ओल्या गोणपाटात ठेवतात. तुम्ही का नाही तोंडात धरत, असं विचारलं तर उठून गेले. असतात एकेकाचे नखरे.

१६ ऑक्टोबर
काळी वेल लाल झाली. मोठ्या वेलीचा डोळा बांधलेल्या चारही रोपांची पानं लाल, शिरा हिरव्या. वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. सरांना सांगितलं, मोठी वेल जाळावी लागेल. त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही. माझी नोंदवही बघत राहिले आणि म्हणाले, अक्षर छान वळलं आहे.

ते गेल्यावर मी वही चाळली. सप्टेंबरात माझं गोलगोल, जाडं अक्षर. गेला आठवडाभर तिरकं, शिरोरेषा नाही. कपाटातून नलिनीची वही काढली. आधी कोंबडीचे पाय, मग तेच तिरकं. तळाशी पद्मजाबाईंची जुनी वही होती. तिच्यात पहिल्या पानापासून तेच.

मी भ्याले आहे. इतकं तिरकं लिहिताना हातही दुखत नाही.

१८ ऑक्टोबर
सहदेवकाकांना गाठलं. ते म्हणाले, "बाय, बाईंची राख त्याच वेलीच्या मुळात घातलेली आसा. तां तोंडात घालू नको." नलिनीला न्यायला तिचे वडील आले, तेव्हा तिनं त्यांना ओळखलं नाही. ओटीवर उभं ठेवून, कोण हवंय, असं विचारलं.

बॅग भरली. फाटकापर्यंत गेले. मोठ्या वेलीला पाणी घालायचं राहिलं म्हणून परत आले. पाणी घातलं. मग बॅग उघडून कपडे कपाटात लावले. का, ते मला सांगता येत नाही.

२३ ऑक्टोबर
दिवाळीला घरी जायचं होतं. हे म्हणाले, वेलीकडे कोण बघणार.

कर्णिकसर म्हणाले. कर्णिकसर. मी "हे" लिहिलं? खोडत नाही, राहू दे पुरावा.

२६ ऑक्टोबर
जयंतीचं कार्ड आलं. ताई, तुझं पत्र मिळालं, एकदम झकास, सोमवारी येते. अक्षर कधी सुधारलंस गं?

मी पत्र लिहिलेलं नाही.

लगेच कार्ड घेतलं. येऊ नकोस, असं लिहिलं. वाचून पाहिलं तर — लगेच ये. दुसरं घेतलं. लगेच ये. दोन्ही फाडली. ती येता कामा नये. माझं काय व्हायचं ते होवो, जयंती नको.

२८ ऑक्टोबर
सहदेवकाकांना कांदिवलीला पाठवणार होते. जयंतीला अडवा, एवढंच सांगायचं. तोंड उघडलं आणि त्यांना काचा पुसायला सांगितल्या. माझ्याकडे बघून ते रडले. मला त्यांचं नाव पटकन आठवलं नाही.

वहीत अजून मी आहे. थोडी. सकाळी जास्त —

२९ ऑक्टोबर
आली. समोर स्टुलावर बसली आहे. लहानपणीचा निळा फ्रॉक नाही, साडी. मोठी दिसते.

ह्यांनी डोळा कापला. चिमटीत धरून तिला दिला. ती हसते आहे. ताई, हे खरंच तोंडात?

मी हो म्हणाले. मीच. जिभेखाली ठेव, चावू नकोस, असंही —

जया, मान वर कर, वहीत बघ. हे अक्षर माझं आहे, बघ, शिरोरेषा देते आहे. थुंक ते. थुंक आणि सहदेवकाकांचा हात धरून फाटकाबाहेर प