हिरवी वायर

प्रिय ताई,

परवा फोनवर मी नुसतं "हो, हो, सगळं ठीक" म्हणत होते ना, ते खरं नव्हतं. शेजारी बाबा बसले होते, म्हणून हे पत्र. आत्ता ते आणि आई खाली फिरायला गेलेत. लिहायला बसल्यापासून मी एकदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले, आणि एकदा मशीनचा प्लग काढलाय का ते. काढलेला होता. मीच काढला होता. हसू नकोस.

मशीन म्हणजे खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं कपडे धुण्याचं जुनं मशीन. त्या घर बदलून गेल्या तेव्हा ते भंगारात जाणार होतं. गोल पिंप, चार पाय आणि वर कपडे पिळायला दोन रबरी रोलर. तुझं-माझं वय एकत्र केलं तरी त्याहून म्हातारं असेल. बाबांनी दोन माणसं लावून ते वर आणवलं, तेव्हा आई दारातच आडवी उभी राहिली. "घरात माणसं तीन, कपडे मूठभर, आणि हा रणगाडा कशाला?" बाबा म्हणाले, "अगं, मोटर खणखणीत आहे. असलं लोखंड आता बघायला मिळत नाही." त्यावर आई म्हणाली, "लोखंड बघायचंय असं मी कधी म्हणाले होते?" पण बाजूला झाली. तेव्हापासून मशीन मागच्या गॅलरीत आहे आणि आपली बादली बिचारी जिन्यात.

तुला माहीत नाही ते आधी सांगते. बाबांचे हात कापतात. सगळ्यात जास्त उजवा. विजेच्या दुरुस्तीचं दुकान त्यांनी त्यामुळेच बंद केलं. "लोक हल्ली दुरुस्त करत नाहीत, फेकतात" हे नुसतं सांगायला. आई त्यांचा चहाचा कप आता अर्धाच भरते आणि थोड्या वेळाने काही न बोलता पुन्हा अर्धा भरते. मी एकदा डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाले, "गारठा आहे, दुसरं काय!" पंखा चालू होता.

आणि मग तुझा फोन आला. नव्या घराच्या वायरिंगला बाबांशिवाय कुणाचा हात लागू देणार नाही, असं तू म्हणालीस. फोन ठेवून ते किती वेळ खोलीत नुसते येरझारा घालत होते. त्याच आठवड्यात हे मशीन वर आलं. आईला वाटतं वेळ घालवायला आणलं. मला पहिल्या दिवशीच कळलं की ते स्वतःची परीक्षा घेताहेत. हे जमलं तर तुझं घर जमेल. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय, कारण तुझ्या घरात भिंतीला धरून चालणारं आणि दिसेल त्या भोकात बोट घालणारं एक पिल्लू आहे.

काम मात्र त्यांनी सुंदर केलं, हे कबूल करायलाच हवं. गिअरच्या डब्यातलं ग्रीस दगडासारखं झालं होतं, ते रॉकेलने सोडवलं. पट्टा नवा घातला. रोलरचं रबर तडकलं होतं, ते ओळखीच्या कारखान्यातून पुन्हा चढवून आणलं. पिंपाला आतून हात फिरवला तर बशीसारखं गुळगुळीत. मोठी कामं त्यांचे हात अजून ऐकतात. बारीक कामाच्या वेळी ते मला काहीतरी आणायला बाहेर पाठवायचे. मी लवकर परत आले की, "आल्या इन्स्पेक्टरीणबाई! लिफ्ट संपल्या वाटतं शहरातल्या?" तू शाळा सोडून कामाला लागलीस आणि मला कॉलेजात ढकललंस, त्याचा हा परिणाम. दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासायच्या आणि घरी आल्यावर बापाला.

कारण मी तपासत होतेच. ते आंघोळीला गेले की मी त्यांच्या मागे एकेक जोड हलवून बघायची. चोरी केल्यासारखं वाटायचं, पण बघितल्याशिवाय जेवण जात नव्हतं. रोज सगळं नीट असायचं आणि रोज मला स्वतःची लाज वाटायची. शनिवारी ते म्हणाले, "झालं. उद्या चालू करायचं." ते आत गेल्यावर मी मीटर लावला. प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत जोडच लागेना, काटा जागचा हलेना. मागचं झाकण उघडलं. अर्थिंगची हिरवी वायर पत्र्याला जोडलेलीच नव्हती. विसरले असते तर ती लोंबकळत राहिली असती, ताई. ती नीट दुमडून, टेप लावून मोटरच्या मागे सारून ठेवली होती. आणि स्क्रूच्या भोकाभोवती रंगावर ओरखडेच ओरखडे होते, कोंबडीने उकरल्यासारखे. पेचकस किती वेळा घसरला असेल, कुणास ठाऊक.

आपल्या बाबांनी! अर्थिंग न घेणाऱ्या गिऱ्हाइकांना दुकानाच्या पायरीवरून हाकलणाऱ्या बाबांनी! मशीन त्या वायरीशिवायही चाललं असतं, हेच वाईट. एखाद्या दिवशी आतली वायर झिजून पत्र्याला लागेपर्यंत कुणालाच कळलं नसतं. आणि मग ओल्या हातांनी तिथे आई उभी असती. मला राग आला, इतका की कान तापले. मग त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि राग कुठे ठेवावा तेच कळेना. माझ्या पिशवीतला स्क्रू काढला, वायर घट्ट बसवली, झाकण लावलं. जेवताना बाबांनी मीठ मागितलं तर मी पाण्याचा तांब्या दिला.

रात्रभर मनात वाक्यं जुळवत होते. सकाळी सांगायचं, असं ठरवलं आणि चहा झाला तरी तोंड उघडलं नाही. मशीन चालू करायच्या आधी बाबा म्हणाले, "थांब, एकदा मागचं बघतो." त्यांची डावी मूठ मिटलेली होती. झाकण उघडून ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. दुसऱ्याच्या हातचा स्क्रू त्यांना कळणार नाही, असं मला कसं वाटलं? मी भिंतीला टेकून उभी होते. आई मागून विचारत होती, "अहो, काय सापडलं? उंदीर?" त्यांनी झाकण लावलं, माझ्याजवळ आले आणि मूठ माझ्या हातावर उघडली. आत एक नवा स्क्रू होता. "ठेव तुझ्याकडे," म्हणाले. "जादा झाला." म्हणजे ते पुन्हा प्रयत्न करणार होते. तसंच सोडणार नव्हते. हे तुला कळावं म्हणून मी इतकं सविस्तर लिहिते आहे.

मग त्यांनी मला बटण दाबायला सांगितलं आणि स्वतः, करंट येतो का ते बघतात तशी, उजव्या हाताची मागची बाजू मशीनच्या पत्र्याला टेकवून उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, हात काढा." ते म्हणाले, "तूच बसवलायस ना? दाब." मी दाबलं. मशीन एकदा घुरघुरलं, अडखळलं आणि लयीत फिरायला लागलं. त्यांचा हात पत्र्यावर होता आणि मशीनच इतकं थरथरत होतं की हात स्थिर वाटत होता. आईने जुनी चादर रोलरमध्ये सरकवली, ती पलीकडून कागदासारखी सपाट बाहेर आली. आई म्हणाली, "हा निदान पिळून तरी देतो. तुमच्यासारखं नुसतं भिजत घालत नाही." बाबा खूप हसले. जरा जास्तच.

हे झालं काल. आज सकाळी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं आणि खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "ताईला मी रविवारी सांगणार आहे की गुडघा धरलाय, शिडी चढवत नाही. तू मध्ये तोंड घालू नकोस." गुडघा ठणठणीत आहे. आत्तासुद्धा ते आईच्या पुढे झपाझप चालत असतील. मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे, तरी मी मान हलवली. तर ताई, रविवारी त्यांना गुडघ्याचं सगळं सांगू दे. कुठला गुडघा ते विचार, शेक घेता का विचार, थोडी चिडसुद्धा, नाहीतर त्यांना संशय येईल. पण "हळूहळू करा, मी थांबते" असं मात्र म्हणू नकोस. तू म्हणशील, आणि ते हो म्हणून बसतील. वायरिंग दुसऱ्या कुणाला दे. पूर्ण झालं की मी येऊन एकेक बोर्ड उघडून बघेन. डॉक्टरांचं माझ्यावर सोड, या वेळी मी पंख्याखाली उभी राहून भांडेन. हातांबद्दल तू एक शब्द काढू नकोस. आणि बोलणं झाल्यावर रडायचं असेल तर रड, पण आधी फोन नीट बंद झालाय ना, ते दोनदा बघ.

तुझीच,
धाकटी