उजवी कळी

पावस,
ता. २० फेब्रुवारी १९८५

ती. धोंडूदादास साष्टांग नमस्कार,

"शिमग्याला येऊ का? मला माफ केलंस का?" असं तू मुंबईहून विचारलंस. उत्तर सुचेना, म्हणून काल देवीला कौल लावला. आपण गुरव, ते काम आपल्याच घरात.

देवीचा चांदीचा मुखवटा तुझ्या हातून पडून चेपला आणि तू माझं नाव सांगितलंस. आप्पांनी मला सातवीतून काढून देवळात बसवलं. त्याला बारा वर्षं झाली.

मूर्तीवर दोन सारख्या कळ्या ओल्या गंधाने चिकटवल्या. उजवी पडली तर तू यावंस, डावी पडली तर नको. पण दादा, उजवी पडू नये म्हणून तिला मी मुद्दाम जास्त गंध लावलं. डावीच पडली. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

जनीआत्या मागे उभी होती. हसून म्हणाली, "गंधाचा गोळाच थापलास रं! देवीला कशाला लबाडीत घेतोस? भाऊस तुजा. नको असंल तर तूच नको म्हण."

तीनदा तोंड उघडलं, पण मला 'नको' म्हणता आलं नाही. राग कधी सरला ते कळलंच नव्हतं. मी सवयीने धरून बसलो होतो.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तू पुन्हा माफी मागशील, आणि आता माझ्याकडे माफ करण्यासारखं काही उरलेलं नाही. वेगळं कार्ड टाकतो. त्यावर एवढंच लिहीन: होळीच्या आदल्या दिवशी ये, पालखीला माझ्या शेजारी खांदा दे.

तुझा धाकटा भाऊ,
भिकाजी